गोगलगाय न् पोटात डेल्फिनियम

आमच्या गल्लीत रात्री अकरानंतर टॉर्च घेऊन हिंडणारी माणसं दोनच. एक चोर, दुसरा मी. चोर अजून कुणाच्या दृष्टीस पडलेला नाही, त्यामुळे पोलिसांना दर वेळी मीच सापडतो.

गेल्या एप्रिलातली गोष्ट. बारीक पाऊस लागला होता. पायजम्यावर रेनकोट, पायांत गमबूट, डाव्या हातात टॉर्च आणि उजव्या हातात श्रीखंडाचा रिकामा डबा अशा थाटात मी आमच्याच बागेत ओणवा झालो होतो. लेस्टरमध्ये श्रीखंड मिळतं, आणि त्याच्या डब्याचं झाकण घट्ट बसतं. एवढ्यात कुंपणापलीकडून आवाज आला, "सर, सगळं ठीक आहे ना?"

तरुण पोलीस होता. मी म्हटलं, "हे माझंच घर आहे."

"असेल. डब्यात काय आहे?"

मी झाकण उघडून दाखवलं. आत एकोणीस गोगलगायी होत्या. तो बराच वेळ डब्यात बघत राहिला. चोरीचा माल म्हणून हे कागदावर कसं लिहायचं, याचा तो विचार करत असावा. मग त्याने आपला टॉर्च वाफ्यावर मारला आणि त्याचा चेहरा एकदम सैल झाला.

"डेल्फिनियम?"

"डेल्फिनियम."

"माझी आई लावते," तो म्हणाला. जाता जाता वळून पुन्हा म्हणाला, "काठ्या नाही लावल्या अजून? उशीर केलात."

या देशात तुम्ही चोर आहात की नाही याबद्दल एक वेळ लोकांना शंका राहील. तुमच्या काठ्यांना उशीर झालाय याबद्दल कुणालाच नसते.

मी या भानगडीत पडलो तो शेजारच्या आजींमुळे. पाच वर्षांपूर्वी आम्ही हे घर घेतलं तेव्हा मागच्या अंगणात गवत आणि आधीच्या मालकाने सोडलेली तीन पायांची प्लॅस्टिकची खुर्ची, एवढीच बाग होती. हिने एका कोपऱ्यात मेथी-कोथिंबीर टाकली आणि तिच्यापुरता बागेचा प्रश्न मिटला. माझाही मिटला असता. पण जूनमधल्या एका सकाळी दात घासता घासता मी वरच्या खिडकीतून आजींच्या बागेत बघितलं आणि ब्रश तोंडातच राहिला. माणसाच्या उंचीच्या, निळ्या फुलांनी गच्च भरलेल्या वीस-पंचवीस दांड्या ओळीने उभ्या होत्या. आपण शाईचा निळा, मोरपंखी, अस्मानी, जांभळट असं जे काही म्हणतो ते सगळं एका वाफ्यात. प्रत्येक फुलाच्या मधोमध एक झुबका, कुठे काळा, कुठे पांढरा. इथले बागवाले त्या झुबक्याला मधमाशी म्हणतात. खरी मधमाशी त्याच्यावर येऊन बसली की दोघींत खरी कोण, हे चष्म्याशिवाय सांगता येत नाही.

संध्याकाळी कुंपणाशी मी आजींना विचारलं, "अवघड असतं का हो हे झाड?"

"छे! फार काही करावं लागत नाही," आजी म्हणाल्या.

या वाक्याचा अर्थ लावण्यात माझं चुकलं. इंग्रज माणूस 'जरासा पाऊस आहे' म्हणतो तेव्हा बहुधा पूर आलेला असतो. 'फार काही करावं लागत नाही' म्हणजे काय ते ऐका. फेब्रुवारीत कोंब वर आले की ते गोगलगायींपासून राखायचे. बोटभर झाले की त्यांतले निम्मे कापून टाकायचे. फूटभर झाले की काठ्या ठोकायच्या आणि जसजशी दांडी वाढेल तसतशी सुतळी बांधत वर जायचं. पाणी भरपूर द्यायचं, पण साचू द्यायचं नाही. खत द्यायचं, पण इतकं नाही की अंगात मस्ती येईल. फुलं संपली की दांडी कापायची, म्हणजे सप्टेंबरात पुन्हा थोडी फुलतात. आणि चार-पाच वर्षांनी झाड थकलं की हा सगळा सोहळा नव्या रोपासाठी पहिल्यापासून. एवढं आपल्याकडे जावयाचंसुद्धा कुणी करत नाही. जावयाचा धोंड्याचा महिना निदान तीन वर्षांतून एकदा येतो.

आता मी मराठी माणूस. त्यामुळे झाड लावण्याआधी मी त्याच्यावर वाचन केलं. वाचन केलं की झाड लावल्याचं निम्मं समाधान मिळतं आणि कंबर दुखत नाही. त्या हिवाळ्यात मला कळलं की डेल्फिनियम हे नाव डॉल्फिनच्या ग्रीक नावावरून आलं, कारण याची कळी डॉल्फिनसारखी दिसते. मी हिला कळीचा फोटो दाखवला.

"मला तर मिरची दिसते," ही म्हणाली.

आपण ज्यांना निळ्या पाकळ्या समजतो ती फुलाची निदलं असतात. खऱ्या पाकळ्या म्हणजे मधली ती मधमाशी, हेही कळलं. ब्लॅकमोर आणि लँग्डन या दोघांनी 1901 साली सुरू केलेली रोपवाटिका चेल्सीच्या पुष्पप्रदर्शनात डेल्फिनियमच्या भिंतीच्या भिंती उभ्या करते, तेही कळलं. कॅलिफोर्नियात फ्रँक राइनेल्ट नावाच्या गृहस्थांनी उंचच उंच जात तयार केली आणि वाणांना सगळा आर्थर राजाचा दरबार नेमून दिला. किंग आर्थर, गॅलहॅड, ग्विनेव्हीर, ब्लॅक नाइट. म्हणजे आमच्याकडे गोगलगायींनी राणी खाल्ली आणि सरदार वाऱ्याने पडला, असं पुढे मला अधिकृतपणे म्हणता आलं.

पण मला खरी भुरळ घातली ती एडवर्ड स्टायकेन यांनी. एवढा मोठा छायाचित्रकार, पण 1936 च्या जूनमध्ये न्यू यॉर्कच्या म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये त्यांनी फोटो ठेवले नाहीत. स्वतः वाढवलेली डेल्फिनियमची खरीखुरी फुलं आठवडाभर मांडली. हे मी आमच्याकडे जेवायला आलेल्या प्रत्येक पाहुण्याला वरण आणि भात यांच्या मधल्या वेळात सांगत असे. तिसऱ्या खेपेला ही पाहुण्यांसमोरच म्हणाली, "त्यांनी प्रदर्शन भरवलं. तू निदान एक पान दाखव."

मग मी बी आणलं.

डेल्फिनियमचं बी उबेत ठेवलं की बिघडतं, म्हणून ते फ्रिजमध्ये ठेवायचं असतं. मी पाकिटातून काढून एका स्वच्छ बाटलीत भरलं आणि ओल्या खोबऱ्याच्या डब्याशेजारी ठेवून दिलं. शनिवारी आमच्याकडे नान होते. मी सहज स्वयंपाकघरात डोकावलो तर हिच्या हातात ती बाटली, झाकण उघडलेलं, आणि पुढ्यात नान लाटून ठेवलेले.

"थांब!" मी असा ओरडलो की वरच्या मजल्यावरून मुलगी धावत खाली आली.

"काय झालं? कलौंजीच आहे ना ही?"

कलौंजी नव्हती. डेल्फिनियमचं बी काळं, बारीक, कोनाकोनाचं. दिसायला थेट कलौंजीची बहीण. नात्यानेही तसंच आहे, दोघी एकाच कुळातल्या. फरक इतकाच की कलौंजी नानवर घालतात आणि डेल्फिनियम मुळापासून बियांपर्यंत विषारी असतं. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या कुरणांत याच्या रानटी भावंडांना खाऊन गुरं मरतात. हे सगळं मी हिला त्याच जागी, त्याच श्वासात सांगितलं. ती काही बोलली नाही. तिने बाटली माझ्या हातात दिली, हात धुतले आणि जेवायला डाळभात टाकला. दुसऱ्या दिवसापासून फ्रिजच्या एका कप्प्यावर मुलीने लाल अक्षरांत चिठ्ठी लावली आहे: 'बाबांचा कप्पा. इथलं काहीही खाऊ नये.'

बी रुजायला साधारण 15 अंश तापमान लागतं. घरात तेवढं थंड ठेवता येण्यासारखी एकच खोली होती, पाहुण्यांची. मी तिथला रेडिएटर बंद केला, खिडकीत ट्रे मांडले, आणि त्याच आठवड्यात नाशिकहून सासूबाई आल्या. पहिल्या रात्री त्यांनी स्वेटर घातला, दुसऱ्या रात्री कानटोपी, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना भिंतीकडे बघत म्हणाल्या, "जावईबापूंची काही अडचण असेल तर आम्ही लवकर जाऊ." रेडिएटर लागला. ट्रेमधून पुढे महिनाभर काहीही उगवलं नाही. सासूबाई मात्र टवटवीत झाल्या.

शेवटी मी सरळ रोपं विकत आणली. नऊ रोपं. त्यांची किंमत मी घरात अजून सांगितलेली नाही आणि इथेही छापणार नाही, कारण ही मराठी वाचते.

रोपं लावली, आणि तिसऱ्या सकाळी नवातली चार जागेवर नव्हती. जागेवर होती ती फक्त नावाची पाटी: ग्विनेव्हीर. तिच्याभोवती चकचकीत चिकट रेघा, जशा लग्नाच्या पंगतीनंतर मांडवात राहतात तशा.

गोगलगाय न् पोटात पाय, ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतो. तिच्या पोटात पाय असतो हे खरंच आहे, पण त्या पायाच्या वरती आतड्यात माझं डेल्फिनियम असतं हे म्हण करणाऱ्याला ठाऊक नसावं. शंखवाली आणि बिनशंखाची, जिला आपले शेतकरी शेंबी म्हणतात, या दोघींना जगातली सगळी हिरवळ सोडून फेब्रुवारी-मार्चमधला डेल्फिनियमचा कोवळा कोंबच लागतो. गाईला विष आणि गोगलगाईला मेजवानी, असा निसर्गाचा न्याय.

मी उपाय विचारायला लागलो. तिथेच फसलो, कारण इंग्लंडमध्ये यावर मत नसलेला माणूस नाही. पोस्टमन म्हणाला, अंड्यांची टरफलं कुटून टाका. आम्ही दोन आठवडे रोज ऑम्लेट खाल्लं. ऑफिसातला एकजण म्हणाला, तांब्याची पट्टी लावा, तिला झटका बसतो. मी कुंडीला तांब्याची पट्टी लावली, आणि मग रात्री टॉर्च मारून बघितलं तर एक गोगलगाय ती पट्टी ओलांडत होती, देवळाचा उंबरा ओलांडावा इतक्या शांतपणे. कुणी म्हणालं मेंढीच्या लोकरीच्या गोळ्या, कुणी म्हणालं टोकदार खडी. सगळं टाकून झाल्यावर माझ्या वाचनात आलं की रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने 2018 साली नेमके हेच उपाय लेट्यूसवर करून पाहिले होते: तांब्याची पट्टी, खडी, झाडाची साल, लोकर, अंड्याची टरफलं. निष्कर्ष असा की कशानेही काहीही फरक पडत नाही. वाचन आधी करावं की नंतर, याबद्दलचं माझं मत त्या दिवशी बदललं.

निळ्या विषारी गोळ्या पूर्वी मिळायच्या. 2022 च्या वसंतात त्यांच्यावर बंदी आली. त्याच वर्षी त्या सोसायटीने जाहीर केलं की गोगलगायींना यापुढे 'कीड' म्हणायचं नाही. मी म्हणत नाही. मी त्यांना काय म्हणतो ते इथे छापता येणार नाही.

मग बिअर. मातीत वाटी पुरायची, तिच्यात बिअर ओतायची, वासाने त्या येतात आणि बुडतात. आमच्या घरात कुणी घेत नाही, त्यामुळे कोपऱ्यावरच्या दुकानात मी चाचरत विचारलं, "सगळ्यात स्वस्त कुठली?" दुकानदाराने माझ्याकडे अशा करुणेने बघितलं की मला नाइलाजाने सांगावं लागलं, "माझ्यासाठी नाही, गोगलगायींसाठी आहे." त्याने पिशवी न देताच बाटल्या पुढे सरकवल्या. त्याच रविवारी पुण्याहून आईचा व्हिडिओ कॉल आला.

"मागे बाटल्या कसल्या रे?"

"गोगलगायींसाठी आहेत, आई."

"तुझे आप्पाकाका दाढेसाठी घ्यायचे," आई म्हणाली. मग जरा थांबून, "आणि प्यायल्यावर त्यांचं काय होतं?"

"मरतात."

आईचा चेहरा गंभीर झाला. "हे बघ, नावात गाय आहे. माझ्या मुलाच्या हातून असलं काही व्हायला नको. उचलून लांब सोडून ये."

मी मामाकडे अपील केलं. मामा बँकेतून निवृत्त झालेला, दर रविवारी गड चढणारा, जरा व्यवहारी माणूस. तो म्हणाला, "2022 च्या पावसाळ्यात लातूर-बीडकडे शंखी गोगलगायींनी सोयाबीनची शेतंच्या शेतं खाल्ली. लोकांना दुबार पेरणी करावी लागली. तुझी काय, चार फुलं ना?" त्यानंतर मी मामाकडे तक्रार केली नाही.

आणखी एक अधिकृत उपाय होता. पाण्यात मिसळून मातीत सोडायचे सूक्ष्म जंत. ते शेंबीच्या अंगात शिरून तिला आतून संपवतात. म्हणजे पाप जंतांच्या खात्यावर. फक्त हे जंत पाकिटातून जिवंत येतात आणि वापरेपर्यंत फ्रिजमध्ये ठेवावे लागतात. मी ही गोष्ट हिला शक्य तितक्या सौम्य शब्दांत सांगितली.

"कशाच्या शेजारी?" तिने विचारलं.

"बाबांच्या कप्प्यात."

"किती आहेत?"

आकडा पाकिटावर छापलेला होता. मी पाकीट उलटं धरलं.

जंतांनी शेंब्या बऱ्यापैकी आवरल्या. शंखवाल्या राहिल्या. म्हणून मग रात्रीची गस्त, टॉर्च आणि श्रीखंडाचा डबा. प्रश्न असा की गोळा केलेल्या गोगलगायी सोडायच्या कुठे? आमचं अंगण चौदा मीटर लांब. मी चारचौघांसारखाच माणूस, त्यामुळे जे चारचौघं करतात तेच केलं. इकडेतिकडे बघितलं आणि डबा आजींच्या कुंपणापलीकडे रिकामा केला.

माझ्या मनाला ते खात होतंच, पण त्याहून जास्त एक शंका खात होती. गोगलगायी रोज तितक्याच सापडत होत्या. मग कुठेतरी वाचलं की 2010 साली बीबीसी रेडिओने सामान्य माणसांसाठी शास्त्रज्ञ व्हायची स्पर्धा घेतली होती, आणि डेव्हनमधल्या एका निवृत्त बाईंनी ती याच प्रश्नावर जिंकली. त्यांनी गोगलगायींच्या शंखांना नेलपॉलिश लावून त्या दूर सोडल्या आणि मोजून दाखवलं की त्या घरी परत येतात. साधारण 20 मीटरच्या पलीकडे नेल्या तरच नाद सोडतात. माझ्यातला शास्त्रज्ञ जागा झाला. मी ड्रेसिंग टेबलावरची गुलाबी बाटली उचलली आणि त्या रात्री बावीस गोगलगायींच्या पाठीवर एकेक टिकली लावून त्यांची सन्मानाने पाठवणी केली.

चार दिवसांनी त्यांतल्या नऊजणी माहेरी परत. गुलाबी टिकल्यांसकट, उरलेल्या ब्लॅक नाइटवर बसून. मी त्या मोजत होतो, तेवढ्यात दहावी दिसली. तिच्या शंखावरचा ठिपका पांढरा होता.

मी टॉर्च जवळ नेला. पांढरा. ऑफिसात टंकलेखनाच्या चुका खोडायला पूर्वी जो पांढरा रंग असायचा, तो. शोधायला लागलो तर अशा सात निघाल्या.

दुसऱ्या दिवशी कुंपणाशी आजी भेटल्या. मी काय बोलावं या विचारात असतानाच त्या म्हणाल्या, "तुमच्या गुलाबी माझ्याकडे आल्यात. तेरा आहेत."

"तुमच्या पांढऱ्या माझ्याकडे आहेत," मी म्हटलं. "सात."

"फक्त सात?" आजी जरा खट्टू झाल्या. "मी दोन वर्षं टाकतेय."

फार काही करावं लागत नाही, याचा पूर्ण अर्थ मला त्या क्षणी उमगला. आता आमचा करार झाला आहे. दोघांचे डबे एकत्र करून एकदिवसाआड मी ते गल्लीच्या टोकाच्या बागेत नेऊन सोडतो. 20 मीटरच्या कितीतरी पलीकडे. तिथे महापालिकेची झेंडूची रोपं आहेत, त्याबद्दल आम्ही दोघं बोलत नाही.

गोगलगायींतून वाचलेल्या झाडांनी तिसऱ्या वर्षी अंग धरलं. एकेका बुंध्यातून चौदा-चौदा कोंब. मी हरखलो. आजी कुंपणावरून वाकून म्हणाल्या, "पाच ठेवा, बाकी कापा." इथे माझे हात थरथरले. ज्या घरात शिळ्या पोळीचा कुस्करा होतो, जुन्या साडीची गोधडी होते आणि श्रीखंडाचा डबा टाकत नाहीत, त्या घरातल्या माणसाला चौदातले नऊ निरोगी कोंब कापायला सांगायचे? मी एकही कापला नाही. परिणामी चौदा काड्या आल्या, सगळ्या दहावीच्या पोरांसारख्या लांब, बारीक आणि मान पुढे टाकलेल्या.

त्यात डेल्फिनियमची दांडी आतून पोकळ. वरती दोन फुटांचा फुलांचा भार, त्यात पाऊस पडला की फुलं पाणी धरून ठेवतात. मी आठ फुटी बांबूच्या बत्तीस काठ्या आणल्या होत्या. गाडीत बसेनात, म्हणून खिडकीतून बाहेर काढून, टोकाला हिची लाल ओढणी बांधून ताशी 20 मैलांनी घरी आलो. पण काठ्या आणणं वेगळं आणि ठोकणं वेगळं. 'या शनिवारी ठोकतो' असं मी पाच शनिवार म्हणालो. सहाव्या शुक्रवारी वारा आला. 2015 पासून इथे वादळांना नावं देतात, माणसांची, बारशासारखी. माझी झाडं झोपवणारा तो वारा नाव ठेवायच्या लायकीचासुद्धा नव्हता. हवामानाच्या बातम्यांत त्याला 'झुळूक' म्हटलं होतं.

पडलेल्या दांड्या मी कापून घरात आणल्या. फुलदाणी नव्हती, म्हणून पिंपात ठेवल्या. ही आली, पिंपाकडे बघितलं, फुलांकडे बघितलं, आणि पहिल्यांदाच म्हणाली, "सुंदर आहेत रे." मग म्हणाली, "या पिंपात आता पिण्याचं पाणी भरायचं नाही."

चौथ्या वर्षी, म्हणजे गेल्या जूनमध्ये, सगळं जमलं. पोलिसाच्या टोमण्यानंतर काठ्या दुसऱ्याच दिवशी लागल्या. कोंब मी डोळे मिटून कापले. आणि जूनच्या तिसऱ्या आठवड्यात सहा फुटी निळ्या रांगा उभ्या राहिल्या, मधमाशीसकट. ही फुलं जेमतेम दोन-तीन आठवडे टिकतात, त्यामुळे मी घाईघाईने आमच्या ओळखीच्या सगळ्या मराठी मंडळींना रविवारी मिसळ खायला बोलावलं. मिसळ हा बहाणा होता. मी खुर्च्या अशा मांडल्या की कुठेही बसलं तरी समोर डेल्फिनियमच दिसावं, आणि स्टायकेनचं साल पुन्हा पाठ केलं.

पहिल्या काकू बागेत आल्या आणि जागच्या जागी थबकल्या. मी पुढे झालो.

"अगं बाई! मेथी!" काकू म्हणाल्या.

त्यानंतर सगळी मंडळी मेथीच्या वाफ्याभोवती जमली. इथल्या मातीत एवढी जुडी कशी येते, बी कुठलं, दुकानातली मेथी कशी कडू लागते, कोथिंबीर जूनमध्ये तुऱ्यावर येते त्यावर काय करावं, अशी चर्चा तासभर चालली. हिने तीन जुड्या उपटून वाटल्या. डेल्फिनियमकडे सगळ्यांची पाठ. शेवटी एका भाऊंची नजर गेली. मी श्वास रोखला.

"ते निळं काय आहे हो? खरं आहे का?"

"खरं आहे," मी म्हणालो. "1936 साली न्यू यॉर्कला..."

"तर्री आहे का अजून?" भाऊंनी विचारलं.

संध्याकाळी, सगळे मेथी घेऊन गेल्यावर, मी चिडून आईला व्हिडिओ कॉल लावला. म्हटलं, निदान जिने जन्म दिला तिने तरी बघावं. फोन फुलांवरून सावकाश फिरवला. मामाही तिथेच बसला होता. तो पुढे सरकला, चष्मा वर केला आणि म्हणाला, "अरे, ही तर निळवंती!"

"मामा, हे डेल्फिनियम आहे. इंग्लंडचं."

"तेच म्हणतोय. डेल्फिनियम मलबारिकम. आपल्या सह्याद्रीतली. पाऊस सरता सरता गडांवर, कड्यांच्या उतारांवर फुलते. मागच्याच वर्षीचा फोटो आहे माझ्याकडे."

फोटो आला. कातळाच्या कडेला, गवतात, नाजूक दांडीवर निळी फुलं. मागे निघालेली तीच डॉल्फिनची शेपटी, किंवा हिच्या मते मिरची. नाव मलबारचं असलं तरी महाराष्ट्राच्या डोंगरांत मुक्कामाला, आणि पश्चिम घाट सोडून कुठेच न मिळणारी.

"तिला काठी कोण लावतं, मामा?"

"वेडा आहेस का?" मामा म्हणाला.

तेवढ्यात आईने मागून विचारलं, "निळवंती म्हणजे त्या पोथीतली का रे? ती वाचली की पशुपक्ष्यांची भाषा कळते, पण वाचणाऱ्याला वेड लागतं म्हणतात?"

"ते वेगळं," मामा म्हणाला. मग माझ्याकडे, माझ्या हातातल्या टॉर्चकडे आणि श्रीखंडाच्या डब्याकडे बघत राहिला. "की तेच?"

त्या रात्री मी निश्चय केला. पुरे. सप्टेंबरात ओळखीच्या सगळ्यांना निरोप पाठवला: बांबूच्या काठ्या, आठ फुटी, बत्तीस नग, फुकट, नेण्याची व्यवस्था आपापली. चौकशीला एकच फोन आला, तोही मेथीच्या बियांसाठी.

परवा फेब्रुवारीतल्या उन्हात सहज मागे गेलो होतो. जमिनीतून बोटभर लालसर-हिरवे कोंब वर आलेत. एका बुंध्यात सतरा मोजले. पलीकडे आजी गुडघ्यांवर बसून तेच करत होत्या, आणि आमच्या मधल्या कुंपणावर एक गोगलगाय चढत होती. शंखावर गुलाबी टिकली, थोडी उडालेली.

तरी सप्टेंबरातला निरोप कृपया रद्द समजावा. काठ्या द्यायच्या नाहीत. श्रीखंडाचे रिकामे डबे मात्र हवे आहेत. झाकणासकट.